नऊ नंबरचा तंबू

माझ्या थोरल्या बहिणीला जंगलातल्या त्या तळ्यावर सगळे फाटकवाली म्हणतात. नाव कोणी विचारत नाही. रस्ता संपतो तिथे एक आडवा लाकडी दांडा आहे. तो उचलायचा, आलेल्या माणसांना तंबूची जागा दाखवायची, लाकूडफाटा द्यायचा, संडास धुवायचे आणि तळ्यात साबण लावून आंघोळ करायची नाही हे प्रत्येकाला नव्याने सांगायचं, हे तिचं काम. लग्न झाल्यापासून ती ते करत आली. आधी नवऱ्याच्या जोडीने, तो गेल्यावर एकटीने.

जागा म्हणाल तर लहानशीच. झाडं तोडून सपाट केलेले दहा-बारा तुकडे, प्रत्येकापुढे दगडांची चूल, एक हातपंप, काठावर पालथ्या घातलेल्या होड्या. वीज नाही, फोन लागत नाही. ताईच्या दोन खोल्यांच्या घरात बॅटरीवर चालणारा एक वायरलेस आहे. हवा चांगली असेल तर त्याच्यावर खालच्या चौकीशी बोलता येतं. लोक हौसेने येतात, ‘काय शांतता आहे हो, नशीबवान आहात’ असं तिला ऐकवतात आणि चार दिवसांत गरम पाण्याच्या ओढीने पळ काढतात. ताई हसून दांडा उचलते. मी असते तर एखाद्याच्या पाठीत तो दांडा घातला असता.

राग माझ्या नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, मला मिरची म्हणायचे. पण माझा सगळ्यांत जुना राग त्यांच्यावरच होता, कारण तिथला नियम त्यांनी केला. एकदा ते दोघं बाजाराला खाली गेले असताना मागे एका तंबूने पेट घेतला. माणसं वाचली, पण भाऊजींनी हाय खाल्ली. तेव्हापासून नियम असा की, तळ्यावर एक जरी तंबू उभा असेल तरी राखणारं कोणीतरी जागेवर हवंच. दोघांपैकी कोणी राहायचं, हे मात्र कधी ठरवावं लागलं नाही. माझ्या लग्नाला भाऊजी आले, पोटभर जेवले, सगळ्यांशी गप्पा मारल्या. ताई वरच राहिली, कारण कोणी एक गडी भर पावसात मासे धरत बसला होता.

ताईची मुलगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा ती माझ्याकडे आली. तिचे केस मी विंचरले, तिच्या परीक्षांना मी जागले. ताई हंगाम संपला की यायची, पण तिचं लक्ष सारखं दाराकडे. पुढे भाचीचं लग्न झालं आणि तिला पहिला मुलगा झाला. तेव्हा भाऊजी नव्हते. ताई येणार म्हणून भाचीने खोली लावून ठेवली, आणि वरून निरोप आला की एक आजारी माणूस तंबूत राहिलाय, निघता येत नाही. आता तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. ती मला शांतपणे म्हणाली, “मावशी, या वेळी आई आली नाही तर मी तिला पुन्हा कधी बोलावणार नाही. अस्संच सांग तिला.” ती आरडाओरडा करती तर मला एवढी भीती वाटली नसती.

म्हणून मी स्वतःच ताईला आणायला निघाले. हंगामातली शेवटची बस संध्याकाळी वर जाते, ड्रायव्हर तिथेच झोपतो आणि सकाळी गाडी खाली आणतो. मग बर्फ पडतं आणि वसंतापर्यंत रस्ता बंद. मी पोचले तर ताईची ट्रंक पट्टा आवळून दाराशी तयार. माझा जीव भांड्यात पडला. तिने चहा ओतला, कप माझ्यापुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, “निघता नाही यायचं बहुतेक. नऊ नंबरला माणूस आहे.”

“कोण माणूस?”

“आहे एक. शांत आहे बिचारा. मासे धरतो.”

“या मासेवाल्यांनी आपल्या घराण्याशी काय वैर मांडलंय गं? थांब, बघतेच त्याच्याकडे.”

“अगं, चहा तरी घे. दमून आलीयेस, सकाळी जा.”

मी कुठली ऐकतेय! नऊ नंबर तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, काठाकाठाने बरंच चालावं लागतं. झाडं इतकी दाट की संध्याकाळ तिथे लवकर होते. वाटेत सगळ्या जागा मोकळ्या, चुलींमध्ये ओली राख. समोर तंबूत कंदील जळत होता. मी त्या माणसाला काय काय बोलायचं ते जुळवत गेले, आणि चांगलंच जुळलं होतं.

“अहो, बाहेर या जरा!” मी दोनदा ओरडले. आतून ना हूं ना चूं. दाराशी बूट नव्हते, गळ नव्हता, चूल कोरडी ठणठणीत. मी चेन ओढली. आत ताईच्या स्वयंपाकघरातला कंदील होता आणि एक घडी घातलेलं कांबळं. आणि डोक्यावर कापडाला एक पिवळं ठिगळ होतं. ते मी लावलेलं होतं, माझ्या जुन्या रेनकोटचं, भाऊजींच्या तंबूला.

तळपायाची आग मस्तकात गेली. भाचीच्या पहिल्या वेळचा तो आजारी माणूस आठवला आणि मी एक खुंटी उपटलीसुद्धा. मग वाटलं, नको, हे तिच्या तोंडावर बोलायचं, आणि खुंटी तशीच हातात घेऊन परत निघाले. दाराशी आल्यावर ती खुंटी माझी मलाच विचित्र वाटली. मी ती कोटाच्या खिशात टाकली.

ताईने पानं वाढली होती. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली. “गेल्या वर्षी माझा दात दुखत होता, आठवतं? तुला म्हटलं होतं, खाली जाऊन काढून आले. नाही काढला. बसमधून उतरले तर दवाखाना रस्त्यापलीकडे. समोर पाटी दिसतेय, आणि माझा पाय उचलेना. गाड्या येतायत, जातायत. मी आपली खांबाला धरून उभी. एका शाळेतल्या मुलीने विचारलं, आजी, सोडू का पलीकडे? तिलाही नाही म्हटलं. त्याच बसने परत आले.” ती हसली. “दात इथेच पडला, आपणहून.”

मी ताट पुढे ओढून बसले.

“इथे मला कोंडल्यासारखं होतं गं,” ती म्हणाली. “इतकी वर्षं होतंय. तुझ्या भाऊजींना तो नियम केल्याबद्दल मी मनात किती शिव्या घातल्या असतील! आणि खाली गेले तर तिथे श्वासच येईना. मग मी जायचं तरी कुठे?” मग ताटातून वर न बघता तिने विचारलं, “नऊ नंबरवाला भेटला?”

जुळवलेलं सगळं भाषण माझ्या घशात होतं. ते बाहेर काढलं असतं तर ताई उघडी पडली असती, आणि सकाळी बसमध्येही बसली नसती, हे मला तेवढ्यात कळलं.

“भेटला,” मी म्हणाले.

“काय म्हणाला?”

“एवढ्यात हलणार नाही म्हणतो.”

तिचे खांदे सैल झाले. तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली. दोन्ही तिच्या तोंडावर दिसलं. मला ते बघवेना. “मग मी राहते,” मी म्हणून गेले. “राखणारं कोणीतरी हवं, एवढाच नियम आहे ना? मी राखते. तू जा. जावई स्टँडवर घ्यायला येणार आहेत, तुला रस्ता ओलांडावा लागणार नाही.”

“तुला नाही जमायचं.”

“तुझ्यापेक्षा मोठ्याने ओरडता येतं मला. आणि घरी नवरा स्वतःचं करून खातो, निदान तसं सांगतो तरी.”

“अगं, पण बस आता वसंतात येईल!”

हे मी खरोखरच विसरले होते. पण एकदा बोलले की मागे फिरायचं नाही, हाही आमच्या घरातला एक नियमच आहे आणि तो माझा आहे.

सकाळी ड्रायव्हरने ट्रंक चढवली. ताईचा पाय निघेना. पंप गोठला तर काय करायचं, छपरावरचं बर्फ कधी ओढायचं, कोरडी लाकडं कुठे आहेत, सगळं दोनदा सांगून झालं. पायरीवर एक पाय ठेवून ती म्हणाली, “आणि त्याच्या कंदिलात रॉकेल घालत जा.” मी मान हलवली. तिच्या पाठीला हात लावून तिला वर चढवलं. मी दांडा उचलला. आजवर तो दुसऱ्यांसाठी तीच उचलत आली होती. बस त्याखालून गेली तेव्हा ती पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसली होती.

पुढचं काय सांगू! बर्फ खिडकीपर्यंत आलं. दार उघडायला फावडं लागायचं. कोणावर चिडावं तर समोर माणूस नाही, आणि एकटीने चिडून पाहिलं, त्यात काही अर्थ नसतो. सुरुवातीला मी त्या तंबूला हसले. मग एका संध्याकाळी खुंटी परत ठोकून आले आणि रोज तंबूवरचं बर्फ झाडून कंदील लावायला लागले, कारण खिडकीतून पलीकडे काहीतरी दिसायला हवं होतं. ताई तिथे अशी किती संध्याकाळी बसली असेल, ते मी त्या खिडकीशी बसून शिकले. मला तिचा राग येईना. मग कोणाचा येतोय तेही कळेना.

थंडी सरत आली असताना एक दिवस चौकीवाल्याने फोन वायरलेसला जोडून दिला. ताईचा आवाज! मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. भाची आईला फार वेळ नजरेआड होऊ देत नव्हती. थोरला नातू रोज तिचा हात धरून तिला रस्त्यापलीकडे दूध आणायला नेतो. “तोच मला सांगतो, आजी, आता चल,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “नऊ नंबरवाला आहे का गं अजून?”

मी खिडकीतून बघितलं. आदल्या दिवशी ओल्या बर्फाच्या वजनाने तंबू कोसळला होता. पलीकडे नुसतं पांढरं होतं.

“गेला, ताई. काल गेला.”

खरखर ऐकू येत राहिली. मग ती म्हणाली, “म्हणजे तू एकटीच आहेस तिथे.”

वायरलेसचं बटण दाबून धरलं तरच आपला आवाज पलीकडे जातो. मी बटण सोडलं आणि मग रडले. तिकडून ताई विचारत राहिली, “मिरचे, आहेस ना? अगं, आहेस ना तिथे?”