शेजारचा श्वास

कॉलेजच्या ग्रंथालयामागे एक लांबट खोली आहे. तिथं फाटकी पुस्तकं येतात आणि धडधाकट होऊन परत जातात. खळीचं पातेलं, पुठ्ठ्यांची चळत, दाभण आणि दोरा यांच्या मधोमध बसणाऱ्या बाईंना सगळं कॉलेज पुठ्ठेकाकू म्हणतं. काकूंना या नावाचा राग येत नाही. त्यांना राग येतो तो पुस्तकाचं पान दुमडून खूण करणाऱ्यांचा, आणि थोरल्या जाऊबाईंचा.

थोरल्या त्याच कॉलेजच्या ऑफिसात होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या. घर एकच, वर थोरल्या आणि खाली काकू. सासूबाई गेल्या आणि त्यांचं शिलाई मशीन कोणाकडे राहणार यावरून दोघींची जुंपली. दोघींपैकी एकीलाही त्यावर सरळ टीप मारता येत नव्हती, पण भांडायला टीप कशाला यावी लागते? मशीन खाली राहिलं आणि बोलणं बंद झालं. तेव्हापासून दोघींचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, निरोप घेऊन जिना चढत-उतरत होते.

"वहिनी विचारतायत, गच्चीची किल्ली कुठंय?"

"सांगा त्यांना, त्यांच्याच खुंटीला."

बिचाऱ्यांच्या गुडघ्यांनी कधीच मान टाकली होती.

पण दर गुरुवारी संध्याकाळी या दोघी कॉलेजच्या गायनवृंदात शेजारी शेजारी उभ्या राहत. वृंद तसा मुलामुलींचा, पण आवाज चांगला असेल तर नोकरदारांनाही मज्जाव नव्हता. खालच्या पट्टीच्या रांगेत अगदी टोकाला थोरल्या आणि त्यांच्या लगत काकू, ही जागा आजची पोरं जन्मायच्या आधीपासूनची. गाण्याचे सर नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत, "लांब सुरावर सगळ्यांनी एकदम दम घ्यायचा नाही. शेजारी घेत असेल तेव्हा तुम्ही सूर धरा, तुम्ही घ्याल तेव्हा तो धरेल." याला ते श्वास चोरणं म्हणत. या चोरीत दोन्ही जावा पटाईत होत्या. घरी दोघींमधून विस्तव जात नव्हता, पण इथं एकीनं सोडलेला सूर दुसरीनं कधी खाली पडू दिला नाही.

आता थोरल्यांचा मुक्काम हलणार होता. लेकीला जुळं झालं होतं, आणि थोरले दोघं कायमचे तिच्या गावी निघाले होते. जिन्यात बांधलेली गाठोडी येऊन बसली होती, ट्रक रविवारी यायचा होता. नेमक्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, सरांनी सहल काढली. शेजारच्या मोठ्या शहरात गाण्यावरच पोट असलेल्या गायकांचा एक नावाजलेला संच येणार होता, तो ऐकायला सगळा वृंद निघाला. थोरल्यांसाठी हा निरोपाचाच कार्यक्रम होता.

काकूंनी सकाळी वेणी घालताना ठरवलं, आज बोलायचं. आज राहिलं तर हे असंच जन्मभर राहील. पण सुरुवात आपण का करायची? वयानं त्या मोठ्या, मग मनानंही त्यांनीच मोठं व्हावं की!

बसमध्ये दोघींच्या मध्ये पाच-सहा पोरं आणि एक डब्यांची पिशवी होती. खिडकीतून ऊन आत येऊन काकूंच्या मांडीवर बसलं. मागे मुली हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या, झाडं मागे पळत होती, आणि काकू अर्धवट झोपेत बोलायची वाक्यं जुळवत होत्या. 'प्रवास सुखाचा होवो' हे एक मनात आलं, पण ते ट्रकच्या पाठीवर लिहितात तसलं वाटलं. डुलकी लागली आणि जुळवलेलं सगळं विरून गेलं. जाग आली तेव्हा बस थांबली होती आणि थोरल्या केव्हाच उतरल्या होत्या.

"उभे राहता त्याच रांगेनं बसा!" सरांनी दारात फर्मान काढलं. झालं. खुर्च्यांच्या टोकाला थोरल्या, त्यांच्या लगत काकू. दोन खुर्च्यांमधल्या हातावर कोणाचंच कोपर नव्हतं.

दिवे मंद झाले. मंचावर आठ-दहा माणसं येऊन उभी राहिली, हातात एकही वाद्य नाही. मग कोणीतरी अगदी हलका सूर लावला, आणि त्यात दुसरा कधी मिसळला ते काकूंना कळलंच नाही. छत उंच झालं. खुर्ची, पर्स, नखात वाळलेली खळ, सगळं कुठंतरी दूर राहिलं. सासूबाई मशीनवर वाकून बसल्यात, दोन तरुण सुना दारात उभ्या राहून कशालातरी खिदळतायत, असं काहीबाही डोळ्यांपुढं येऊन गेलं. तेव्हा थोरल्या किती हसायच्या! काकूंना त्यांची आठवण आली, आणि त्या तर हाताच्या अंतरावर बसल्या होत्या.

शेवटच्या गाण्यात एक सूर लागला तो संपेचना. गायकांपैकी कोण कधी श्वास चोरतंय हे शोधता शोधता काकूंना भलतंच काही जाणवलं. त्यांची स्वतःची छाती भरत होती तेव्हा शेजारचा पदर स्थिर होता. तो पदर वर आला तेव्हा त्यांचा श्वास आपोआप थांबला होता. दोघी गप्प बसून गात होत्या!

काकू चिडल्या. मग त्यांनी हट्टानं, थोरल्यांचा पदर हलताच, त्याच वेळी श्वास घेतला. शेजारचा पदर तिथंच थबकला. थोरल्यांनी क्षणभर वाट पाहिली, काकूंना जागा करून दिली आणि मागाहून आपला घेतला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरल्या मंचाकडे बघत टाळ्या वाजवत होत्या.

"मघाशी लवकर घेतलास," त्या म्हणाल्या.

काकूंचे हात टाळी वाजवता वाजवता हवेतच राहिले. "मुद्दाम घेतला."

"कळलं मला."

"मशीन उद्या ट्रकमध्ये चढवते," काकू घाईघाईनं म्हणाल्या.

"मला शिवता येतं होय?"

"मग भांडलात कशाला एवढ्या?"

"तुला तरी कुठं येतं गं!"

काकूंना आधी फिसकन हसू आलं, मग थोरल्यांना. पुढच्या रांगेतून सरांनी डोळे वटारून पाहिलं, तशा दोघी शाळकरी पोरींसारख्या खाली माना घालून बसल्या.

टाळ्या थांबेनात म्हणून गायक आणखी एका गाण्यासाठी परत आले. दिवे पुन्हा मंदावले. अंधार झाला म्हणूनच काकूंच्या तोंडून ते निघालं.

"ताई, तुम्ही गेल्यावर मी श्वास कुठं घेऊ?"

खुर्चीच्या मधल्या हातावर थोरल्यांचं कोपर आलं आणि काकूंच्या कोपराला टेकलं.

"घेत होतीस तिथंच घे. मी तिकडं धरून ठेवीन."

मंचावर लांब सूर लागला. काकूंचे डोळे भरून आले होते, समोरचं काही दिसत नव्हतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. शेजारी थोरल्या थांबल्या होत्या.