सेव्हिलच्या रस्त्यावरचं संत्रं

माझे यजमान स्पेनमधल्या सेव्हिलच्या फुटपाथवर घामाघूम होऊन कोसळले. घरच्या सवयीने सात वाजता इन्सुलिन टोचून घेतलं, पण तिथल्या खानावळी नऊशिवाय जेवण देत नाहीत. साखर उतरली होती. रस्त्यालगतची झाडं संत्र्यांनी लगडलेली. आम्ही नरखेडकडचे, संत्र्यांच्या मुलखातले; झाडावरचं पिवळं संत्रं गोडच समजतो. मी एक तोडून त्यांच्या तोंडात पिळलं.

ते थुंकले. "काय वं, जहर देऊन राहिली काय मले?"

तिथली रस्त्यावरची संत्री शोभेची, कडूजहर असतात. समोरच्या कॉफीच्या दुकानातली बाई साखरेच्या पुड्या घेऊन धावली.

तिकडे जाणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, आणि ताट समोर आल्याशिवाय सुई टोचू नये.

आमचे म्हातारे त्या साखरेने वाचले.