नळवाल्याच्या हातातली लोकर

प्लास्टर निघालं, तरी नळवाल्याचा उजवा हात प्लास्टरमध्येच असल्यासारखा वागत राहिला. बोटं अर्धी वळायची आणि दारात अवघडलेल्या पाहुण्यासारखी तिथेच थबकायची. पाना धरवेना.

"बोटांना हलकं काम द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला मूठ वळली तर कामावर जा. नाहीतर दुसरा धंदा बघा."

घरात हलकं काम एकच होतं, आणि ते सासूबाईंच्या मांडीवर होतं. म्हातारी दिवसभर क्रोशाची सुई चालवायची, तोंडही चालवायची.

"या जावईबापू, बसा. सुईच्या आकड्यात दोरा धरा, वेढ्यातून ओढा. झाली साखळी. शेंबडं पोरही करतं."

त्याने साखळी घातली. प्रत्येक कडी ओढून आवळली, मग खात्रीसाठी पुन्हा आवळली.

"अहो, लोकर आहे ती. कुणाचा गळा दाबताय?"

"सैल ठेवलं की गळतं, आई."

"लोकरीतून काय गळणार आहे?"

त्याने पुढची कडीही तितकीच आवळली. जन्मभर नळाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळून जोड आवळत आलेला हात उत्तराची वाट बघत नाही.

दुसऱ्या ओळीत मुके खांब घालायचे होते. कडीत सुई घालायची, दोरा बाहेर आणायचा, पुन्हा दोरा धरून दोन्ही वेढ्यांतून एकदम काढायचा. सुई आत शिरेचना. नळवाला उठला, हत्यारांची पिशवी उघडली आणि कडीवर तेल सोडलं. गंजलेल्या आट्यांना तो हेच करायचा.

बायको धावत आली, तेव्हा पांढऱ्या लोकरीवर काळपट डाग पसरत होता आणि सासूबाई हसून हसून डोळे पुसत होत्या.

"आई, नीट शिकव ना गं!"

"मी शिकवतेच आहे. हा बाबा पाइपलाइन टाकतोय."

लोकरीचा नवा गुंडा आला. नवी साखळी तितकीच घट्ट झाली, उसवली, पुन्हा झाली. कंटाळून सासूबाई म्हणाल्या, "न्हाणीघरातला नळ तुम्हीच बसवलात ना? आजाऱ्यासारखा कण्हतो मेला."

नळवाला उसळला. "मी? तो तुमच्या धाकट्या जावयाचा पराक्रम! वायसर उलटा, आटे खाल्लेले, वर मला म्हणतो, दादा, पाणी येतंय ना!" तो बोलत सुटला. रागाच्या भरात बोटांवरचं लक्ष उडालं, आणि पहारेकरी झोपल्यावर कैदी निसटावेत तशी ती चालू लागली. सुई आत, दोरा बाहेर, मऊ.

"खाली बघा," सासूबाई म्हणाल्या.

अख्खी ओळ सैल, सुरेख पडली होती. त्याने ती पाहिली आणि पुढचा टाका करकचून आवळला.

मग सासूबाईंनी पद्धतच बसवली. ओळ सुरू झाली की एक टोमणा. शेजारी म्हणू लागले, जावई-सासूचं फार बिनसलंय. इकडे तिरकस का होईना, एक चौकोन तयार झाला.

दवाखान्यात मात्र डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वळा मूठ," आणि नळवाल्याची नजर बोटांवर खिळली. बोटं अर्ध्यातच थांबली. त्याचा चेहरा उतरला.

सोबत आलेल्या सासूबाई खुर्चीत मागे टेकल्या. "जाऊ द्या हो, डॉक्टर. धाकट्यालाच लावू सगळ्या कामाला. त्याचा हात जास्त चांगला आहे."

"धाकट्याचा?"

नळवाला वळला. त्याची मूठ सासूबाईंच्या नाकासमोर होती, पूर्ण मिटलेली, अंगठा बोटांवर घट्ट.

"पुरे, पुरे," डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या. "उद्यापासून कामावर जा."

तरी बराच वेळ त्याने ती मूठ खाली घेतली नाही.