वहिनींनी सोडलेला क्लच

नवरा गेल्यावर वहिनींनी त्याची टॅक्सी चालवून घर सांभाळलं. मग "लोक आम्हाला हसतात" म्हणत दिराने किल्ली काढून घेतली आणि गाडी ओलसर शेडमध्ये कोंडली. वहिनी माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आल्या आणि लोकांना गाडी शिकवू लागल्या. मीही त्यांच्याकडेच शिकत होते. आमची मैत्री तिथेच जमली.

काही वर्षांनी दिराची नोकरी गेली, तेव्हा त्याला टॅक्सी आठवली. नवी बॅटरी घातली तरी इंजिन जागचं हलेना. त्याने वहिनींना बोलावलं. मी सोबत गेले.

वाटेत वहिनी म्हणाल्या, "गाडी उभी राहिली की पिस्टन आतल्या आत गंजून चिकटतात. तेल सोडून मुरू द्यायचं, मग हाताने हळूहळू फिरवायचं. जबरदस्ती केली की संपलं."

शेडपाशी दीर म्हणाला, "वहिनी, ती तुमचंच ऐकते. बघा ना जरा."

"एक ट्रक बोलवा आणि गाडी त्याला दोराने बांधा, भावजी. मी आत बसते."

ट्रकने ओढताच टॅक्सीने वेग घेतला. वहिनींनी गिअर टाकून क्लच एकदम सोडला. चाकं फरफटली, त्यांचा सगळा जोर चिकटलेल्या इंजिनवर आला आणि आत काहीतरी कडाडून तुटलं. रस्त्यावर काळं तेल सांडलं.

त्या उतरल्या आणि किल्ली दिराच्या हातात ठेवली.

"घ्या. आता कोणी हसणार नाही."

मग माझ्याकडे वळल्या. "चल, तुझं रिव्हर्स शिकायचं राहिलंय."