कोटावरची पिवळी चांदणी

“आरं पर मी म्हन्ते, नाटकातल्या त्या पोरीनं कोटावर चांदणी लावलीच कशापायी? उसवायची आन द्यायची फेकून!”

“फेकली तर जीव जायचा, मावशी,” धनेश म्हणाला. “त्या दुसऱ्या महायुद्धाच्या टायमाला जर्मनीत ज्यू माणूस लांबूनच वळखू यावा म्हणून सरकारची सक्तीच होती.”

कस्तुरानं दातानं दोरा तोडला. “वेशीबाहेरच्या आमच्या आजीला न्हाई बा लागली चांदणी. आख्खा गाव बिगरचांदणीचाच वळखायचा.”

कस्तुरा चाकणच्या एका कंपनीत मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायची. धनेश तिथला सुपरवायझर. कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी त्यानं नाटक बसवलेलं. ज्यू पोरगी स्टोअरमधली विजयश्री, तिच्यावर जीव टाकणारा जर्मन पोरगा वेल्डिंगचा गणराज. शेवटाला छळछावणीला जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर पोरगा तिच्या कोटावरची चांदणी ओरबाडून काढतो आणि शिपायांच्या नाकासमोरून तिला घेऊन जातो. तालमीत चांदणी रोज निघायची, म्हणून रोज कच्चा टाका घालायला कस्तुरा लागायची.

नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. लेक बंगळुरात, फोन आला तर आला. महाळुंग्याच्या खोलीत दोन-दोन दिवस तोंड उघडायचं काम पडायचं न्हाई. तालमीच्या हॉलात मात्र पाय ठेवला की कुणीतरी म्हणायचं, “मावशी आल्या, च्या सांगा.” त्या हाकेवर महिना निघाला. ही मंडळी पुढंही बोलावतील का, एवढाच तिला घोर.

रंगीत तालमीत चांदणी भलत्याच प्रवेशात गळाली. धनेश खेकसला, “प्रयोगात असं झालं तर आब्रू जाईल, मावशी!”

तिच्या जिवाला लागलं. प्रयोगादिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं कोट कंपनीच्या मशीनवर घेतला. सीटचा नायलॉन दोरा, दुहेरी शिलाई. बैल जुंपला तरी निघायची न्हाई, अशी चांदणी बसवली. शेवटाला ती ओरबाडायची असते, हे त्या भरात तिच्या ध्यानातच आलं न्हाई.

चिंचवडला प्रयोग रंगला. फलाटावर गणराजनं चांदणीला हात घातला. निघंना. दोन हिसके दिले, तशी विजयश्रीच हेलपाटली. मागच्या रांगेतनं आवाज आला, “भावा, पान्हा आणू का?” सगळं थेटर हसलं. विंगेत कस्तुरानं कात्री उचलली, पर आता जायचं कसं?

विजयश्रीनं त्याचा हात बाजूला केला. “राहू दे,” म्हणाली, आणि चांदणीसकट एकटीच शिपायांकडं चालत गेली. हसू जागच्या जागी मेलं. पडदा पडला. मग लोक उभे राहून टाळ्या पिटायला लागले.

धनेश घामाघूम होऊन धावत आला. “मावशी, नाटक कुठल्या कुठं नेलंत! आता हाच शेवट. चांदणी हलवायचीच न्हाई.”

“मंग उद्या किती वाजता येऊ?”

“उद्या कशाला? टाका पक्का हाय की. फायनलला या बघायला, पास ठेवतो.” कुणीतरी फोटोसाठी हाक मारली, तसा तो पळाला.

सकाळी पहिल्या शिफ्टला कस्तुरा मशीनवर बसली. सुईत दोरा ओवला, वरचं कव्हर ओढलं आणि पायडल दाबलं.