विमलाक्कांचा झाकून ठेवलेला कोड

"हा कॉम्प्युटर बंद करू नका. बंद केलात तर पुन्हा सुरू होईलच असं नाही," असं सांगून मी दोन पावलं मागे सरलो. तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाचा हा एक्सपर्ट सल्ला.

"म्हणजे तुम्हाला काही जमणार नाही," नागराजअण्णा म्हणाले. पीण्यातली, म्हणजे बेंगळुरूच्या कारखान्यांच्या वसाहतीतली, गिऱ्हाइकं फार घोळवत नाहीत.

त्यांचा पत्रा कापायचा छोटा कारखाना आहे. मशीन एकच, गॅसच्या ज्योतीने लोखंडी प्लेट कापणारं. कुठला तुकडा प्लेटवर कुठे बसवायचा हे नेस्टिंग सॉफ्टवेअर ठरवतं. लाटलेल्या मोठ्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडताना कातरण कमी उरावी म्हणून आपण जवळजवळ पाडतो ना, तेच हे नेस्टिंग. अडचण अशी की हे जुनं मशीन याच एका सॉफ्टवेअरची भाषा समजत होतं. सॉफ्टवेअर याच कॉम्प्युटरला बांधलेलं, त्यामुळे कॉपी करून चालत नव्हतं. करणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. आणि हार्ड डिस्क रसवंतीच्या चरकासारखी कुरकुरत होती.

"ही डिस्क गेली की मशीन भंगारात," अण्णा म्हणाले. "आणि मशीन गेलं की मी."

उपाय एकच होता, सोर्स कोड. आपल्याला सॉफ्टवेअर मिळतं ते शिवून आलेल्या कोटासारखं. शिंप्याची मापं आणि बेत त्याच्याकडेच राहतात. तो बेत हाती आला तर नवा कोट शिवता येतो.

या कोटाच्या शिंपी निघाल्या विमलाक्का. त्या एकट्याच कंपनीच्या मालक, प्रोग्रामर आणि टेलिफोन ऑपरेटर होत्या. आता निवृत्त होऊन इंदिरानगरात राहतात. आमच्यासारखंच बेंगळुरूत मुरलेलं मराठी घर. मी मोठ्या उत्साहात गेलो. बरोबर कोड खुला करायच्या लायसन्सचे छापील कागद.

"कोड नुसता मला नको, अक्का. इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला करा. असं मशीन आणखी कितीतरी जणांकडे असेल. उद्या मी नसलो तरी दुसरा कोणी दुरुस्त करेल." मग ज्ञान वाटल्याने वाढतं इथपासून सुरुवात करून मी अर्धा तास बोललो.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "स्वल्प चित्रान्न घे," म्हणाल्या. तो लिंबाचा भात मी दोनदा घेतला. "कोड मिळणार नाही."

"चोरीची भीती वाटते का?"

"चोराला तरी काय करायचाय तो!"

दुसऱ्या खेपेला मी त्याहून मोठा घोटाळा केला. म्हणालो, "काळजी करू नका अक्का, कोड मी साफसूफ करून देईन."

त्या दिवशी नुसती कॉफी मिळाली, तीही अर्धा कप.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, कोणाच्या घरी जाऊन 'तुमचं घर मी झाडून देतो' म्हणतात का? तुमच्या स्वतःच्या कपाटाचं दार उघडून दाखवा आधी."

डोक्यात प्रकाश पडायला मला रविवार उजाडला. माझ्या पहिल्या नोकरीतला पगारपत्रकाचा प्रोग्राम शोधून काढला. फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा आला की तो एका दिवसाची रजा आपोआप मांडायचा, सगळ्यांची. प्रिंट काढून विमलाक्कांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. दुसऱ्या पानावर हसायला लागल्या. चौथ्या पानावर डोळे पुसले. "अरे श्रीधर, हे तू पगार घेऊन लिहिलंस?"

"हो. प्रमोशनही मिळालं."

मग त्या उठल्या, लॅपटॉप आणला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. प्रत्येक तुकडा कापण्याआधी कापणारी टॉर्च, म्हणजे ज्योतीची नळी, थोडी डावीकडे जायची आणि परत यायची. "हे का करावं लागतं ते मला माहीत नाही. याच्याशिवाय तुकडे वाकडे यायचे. दोन दिवस काहीबाही करून पाहिलं, हे टाकलं आणि सरळ आले. आणि ब्रोशरमध्ये मी काय छापलं? 'विशेष अचूकता तंत्र.' हे जगाला दाखवू?"

मला तरी कुठे माहीत होतं! मी म्हणालो, "मशीनवरच्या सिद्दप्पाला विचारू या."

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, चल."

सिद्दप्पा हे मशीन पहिल्या दिवसापासून चालवतो. त्याने प्रश्न ऐकला, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही गंमत करतोय असं त्याला वाटलं असावं.

"अक्का, स्क्रूत प्ले आहे," तो कन्नडमध्ये म्हणाला. प्ले म्हणजे टॉर्च सरकवणाऱ्या स्क्रूतली ढिलाई. जुन्या स्कूटरचं हँडल थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही, तसं. "नेहमी एकाच बाजूने यायचं, म्हणजे ढील निघून जाते. लेथवर पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला वाटलं, तुम्हाला माहीत होतं म्हणूनच तुम्ही घातलंत."

"म्हणजे बरोबर आहे ते?"

"एकदम करेक्ट."

विमलाक्का तिथल्याच स्टुलावर बसल्या. "इतकी वर्षं," म्हणाल्या, "आणि हा माणूस इथेच उभा होता!" नागराजअण्णांनी घाईघाईने चहा मागवला.

त्याच आठवड्यात त्यांनी कोड खुला केला. त्या ओळीवर टीप लिहिली: 'स्क्रूच्या ढिलाईसाठी. कारण सांगणारे: सिद्दप्पा, मशीन ऑपरेटर.' मी तो नव्या कॉम्प्युटरवर चालवला. पहिल्या प्लेटचे तुकडे सिद्दप्पाने काटकोन तपासायच्या गुण्याला लावून पाहिले आणि काही न बोलता दुसरी प्लेट चढवली. पीण्यात याला शाबासकी म्हणतात. पुढे राजकोटहून एकाचं पत्र आलं. त्याच्याकडेही तेच मशीन होतं, कापड टाकून झाकलेलं.

बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचा कोड लोक चोरीच्या भीतीने दाबून ठेवतात अशी माझी समजूत होती. बहुतेकांना नुसती लाज वाटत असते. आता कोणाकडे कोड मागायला जाताना मी भाषण घरी ठेवतो आणि माझा सर्वांत वाईट प्रोग्राम बरोबर नेतो. निघायला उशीर होतो तो कुठला न्यायचा हे ठरवण्यात.