पुलावर ड्रायव्हर एकटा

फौजेतून आल्यापासून मी कसबा बावड्यात राहतो आणि अवजड ट्रेलर चालवतो. परवा एका कारखान्याचा बॉयलर आणला. लेनमध्ये न मावणारा माल. परवाना हवा, पुढं लाल झेंडीची जीप हवी, पुलावर दुसरी गाडी नको. पंचगंगेच्या पुलाआधी मी थांबलो आणि महादू क्लीनरला उतरवून पुढं चालत पाठवलं. मागच्यांनी हॉर्न बडवायला सुरुवात केली.

"ओ पावणं, घ्या की पुढं. पूल काय पळून चाललाय व्हय?"

महादू पलीकडं पोचेपर्यंत मी गाडी हलवली नाही. पुलावर केबिनमध्ये ड्रायव्हर एकटाच, हा आमच्या युनिटचा नियम.

युनिट इंजिनिअर्सचं, पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात. दरड पडेल तिथं ट्रेलरवरून डोझर न्यायचा. गाडीवर मी आणि नायक आप्पा. तो नृसिंहवाडीजवळच्या जैन शेतकऱ्याच्या घरचा, मला सीनियर आणि तोंडाचा फटकळ. पूल आला की दोन्ही दारं उघडी टाकायची, गाडी मधोमध ठेवायची, गिअर बदलायचा नाही. सीनियरनं चालवायचं. दुसऱ्यानं आधी पायी पलीकडं जायचं आणि गाडी आली की पुन्हा चढायचं. आप्पा दरवेळी म्हणायचा, "चढा, सरकार."

त्या सकाळी दरडीपलीकडच्या चौकीत दोन जखमी जवान अडकले होते. नदी फुगली होती. सुभेदार साहेबांनी पूल तपासला.

"एकच गाडी. सावकाश."

मी पलीकडं पोचून वायरलेस सेटवर आप्पाला कळवलं, "क्लिअर. ये."

ट्रेलर निम्म्याच्या पुढं आला. आप्पाची केबिन उंच. माझ्या पायाखालचा काठ फाटतोय हे त्याला तिथून दिसलं.

सेटवर त्याचा आवाज आला, "मागं सर."

"तू ये आधी."

"मागं सर म्हणतोय न्हवं. पळ."

मी पळालो. वळून पाहिलं तर मी उभा होतो ती जागा नव्हती, पुलाचं टोक नव्हतं, गाडीही नव्हती. आप्पाच्या बाजूचं दार उघडंच होतं. उडी मारण्यापुरता वेळ होता. तो त्यानं माझ्याशी बोलण्यात घालवला.

जखमींना दुसऱ्या तुकडीनं डोंगरावरून उतरवलं. दोघंही वाचले. मी मात्र बराच वेळ त्या काठावर उभा होतो. नियमाप्रमाणं आता गाडीत चढायचं होतं.

अजूनही पुलावर गाडी घातली की मला फार एकटं वाटतं. शेजारची सीट रिकामी असते, दार उघडं असतं, खाली पाणी असतं.

परवा पूल ओलांडून थांबलो. महादू दाराशी आला.

"चढा, सरकार," मी म्हणालो.

त्याला थट्टा वाटली. तो हसत चढला आणि त्यानं दार ओढून घेतलं.